रिकाम्या सॉकेटमधली तार

अहो, लिफ्ट बंद करू नका, एवढंच म्हणतोय मी! मेंटेनन्सला आलात, गच्चीवर चढलात, पॅनेल उघडून पाहिलंत — झालं, आता झाकण लावा. काय? रिले कुठंय? काढून ठेवलाय, तो काय खिडकीत. सॉकेट रिकामं दिसतंय मलाही. आणि रिकामं कसं म्हणता, तार आहे ना त्यात! या भोकातून त्या भोकात, नीट खोचलेली. सॉकेटचा फायदाच तो — रिले उपटायचा, तार घालायची, स्क्रूला हात लावायला नको. तुमच्या आधीच्या माणसानं केलंय. म्हणजे — मी सांगितलं म्हणून केलं, पण हात त्याचा.

दार उघडं असेल तर लिफ्ट हलू द्यायची नाही, हे त्या रिलेचं काम. ठाऊक आहे हो. पण फारच कर्तव्यदक्ष निघाला तो! कुणी दार जरा सैल लावलं की लिफ्ट अडली, आणि अख्ख्या सोसायटीचे फोन मला — सेक्रेटरी ना मी, हौशी. तार घातल्यापासून एक तक्रार नाही. बरं, एक. सरुबाईंची, जिने पुसतात त्या. दार उघडून बादली आत सरकवत होत्या, तेवढ्यात वरून कुणीतरी बटण दाबलं — दार उघडं, आणि लिफ्ट निघाली. चेपली ती बादलीच हो! हात काढला त्यांनी वेळेवर. नवी आणून दिली मी, स्टीलची. विषय संपला.

सोमवारी बसवा की रिले, मी कुठं नाही म्हणतोय? आज नको. आज माझा फ्लॅट बघायला येतायत — निकिताताई आणि त्यांच्या सासूबाई. कसब्यात जिने चढून म्हातारीचे गुडघे गेलेत, काठी टेकत एकेक पाऊल टाकतात. लिफ्ट आहे म्हणून तर येतायत. बाकी सगळी गिऱ्हाइकं बघून गेली ती गेलीच. आणि तुम्ही खाली ‘लिफ्ट बंद’ची पाटी लावणार? — मेन स्विचवरचा हात काढा. काढा म्हणतो ना! आणि असं बघू नका माझ्याकडे.

थांबा, फोन. — हां, निकिताताई, पोचलात? या ना! हो हो, चालू आहे, एकदम मस्त. सासूबाईंना आधी आत घ्या. सावकाश, घाई नाही काही —

आल्या. निघा तुम्ही आता. ती पिशवी उचला — अहो, लिफ्टकडे कुठं? तुम्ही जिन्यानं उतरा.