एका हाताची हातबोशी

काकी, जमलेली सगळी मंडळी, आणि मागे दाराजवळ उभे असलेले आमच्या बिस्किटांच्या फॅक्टरीचे मॅनेजर, आमचे मेनाहेल,

मला बोलायला उभं केलंत खरं, पण जीभ वळत नाही. काका जाऊन महिना झाला, तरी वळत नाही. मुसाजीकाका असते तर म्हणाले असते, "आधी वडीलधाऱ्यांकडे बघ, मग तोंड उघड." बघितलं, काका. आता बोलतो.

इथे असा कोण आहे, ज्याला काकांनी हातबोशी दिली नाही? सिनेगॉगमध्ये, बसस्टॉपवर, भाजीच्या दुकानात. समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, सोडायचे, आपली बोटं ओठांना लावायची. कोकणात गावी तसंच, मुंबईत तसंच, इथे इस्रायलात रामल्याला आले तरी तसंच. नुसतं "शालोम" म्हणून पुढे सटकणं त्यांना कधी जमलंच नाही.

फॅक्टरीत मेनाहेल यायचे अर्ध्या चड्डीत, पायांत सँडल. इथे साहेबालाही सगळे नावानं हाक मारतात. काका मात्र रोज सकाळी डबे बाजूला ठेवून उठायचे आणि दोन्ही हात पुढे करायचे. सगळे हसायचे. मीही हसायचो. खरं सांगतो, सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचो. मला लाज वाटायची त्यांची.

एकदा घरी येताना म्हटलं, "काका, हा देश तसला नाही. तुमच्यामुळे आपण सगळे आजच बोटीतून उतरल्यासारखे दिसतो." काका म्हणाले, "बरं बाबा." इतकंच. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे हात पुढे आले नाहीत. माझ्यापुढेही नाहीत.

पुढे एक दिवस मेनाहेलनी मला बाजूला घेतलं. "तो म्हातारा रागावलाय का माझ्यावर? सकाळी हात धरायचा. माझे वडील गेल्यापासून तसा माझा हात कुणी धरला नव्हता."

चूक माझी होती. माफी मागायला आज काकांकडे जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिलो. आणि काका हॉस्पिटलात! मंडळी, मी घाबरलो. माणूस तसाच निघून गेला तर?

धावत गेलो. इथे सगळे सरळ आत घुसतात. मी दाराबाहेर थांबलो आणि खाकरलो, काकांनी शिकवलं होतं तसा.

"कोण? ये रे आत."

माफीचे शब्द ठरवून गेलो होतो. एकही आठवला नाही. नुसते दोन्ही हात पुढे केले. काकांच्या एका हाताला सुई टोचलेली. दुसऱ्या हातानं त्यांनी माझे हात धरले, सोडले, बोटं ओठांना लावली. आणि म्हणाले, "एकाच हातानं देतोय हं. राग मानू नकोस."

माफी त्यांनी मागितली! माझ्याकडे!

चार दिवसांनी काका गेले. काकी, तुम्ही रडताय आणि मी हलका झालोय. शोकसभेत असं बोलू नये, पण सुटलो मी. वेळेत पोचलो. ज्या रीतीला मी खूळ म्हणत होतो, तिनंच मला तारलं. शब्द गेले तेव्हा तीच हाताशी होती.

भाषण पुरे. आता सगळे उभे राहा. काकी, माझे हात आधी तुम्हाला. मग प्रत्येकानं शेजारच्याला. मेनाहेल, या, तुम्हीही पुढे या. बोटं ओठांना लावा आणि मग थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

पण मंडळी, हातबोशी दोन्ही हातांनी द्या. आपले दोन्ही मोकळे आहेत.