मिस पर्किस यांची पाटी

इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या, आता संग्रहालय झालेल्या जुन्या हवेलीत हिल्डा तिकिटाच्या रांगेत उभी होती. पुढच्या आजीबाई खिडकीतल्या साहेबांशी भांडत होत्या.

"आत माझा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, मिस पर्किस, मृत्यू १९७१."

"हवेलीच्या मंडळानं खात्री करूनच लिहिलंय, आजी."

"अहो, मीच मिस पर्किस!"

"मग फोटो काढावा लागेल. जिवंत माणसं आम्ही लावत नाही."

"बरं, मेलेलीच राहू द्या. पण पुढे 'भांडी घासणारी' लिहिलंय. बागेतला एकूण एक गुलाब माझ्या हातचा आहे!"

"मंडळाची बैठक मार्चमध्ये आहे."

"तुमचं पेन द्या इकडे."

"आजी, पाटीला हात लावू देत नाहीत. आत पहारेकरी असतो."

हिल्डा रांग सोडून पुढे झाली.

"चला आजी, पहारेकऱ्याला मी बोलण्यात गुंतवते."