मुळीक गुरुजींच्या तोंडचा ‘ळ’

मंडळी, कथेआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या बघू! सगळा बाजार खोट्या मालानं भरलाय, मग मी एकट्यानं चोख माल ठेवून काय उपयोग? काय हो शेटजी, मान खाली का घातलीत? तुम्हाला नाही म्हणत मी — निदान अजून तरी नाही!

तर ऐका! सांगलीत रेवती चौगुले नावाची मुलगी. कंप्युटरची अ‍ॅप बनवते. आता अ‍ॅपचाही बाजार असतो बरं का! आजोबा, पिशवी नको — घरबसल्या पडद्यावरच भरतो तो. पण शेवटी बाजार तो बाजारच! एका अ‍ॅपचं चित्र असं देखणं, असं देखणं — आणि उघडावं तर आत काही नाही! दुसरं उघडलं की बंद पडतं. तिसऱ्यात काम कमी आणि जाहिराती जास्त. त्याच ढिगात एखादं सोन्यासारखं. पण ओळखायचं कसं? वरून सगळी सारखीच!

रेवती आणि तिचा थोरला भाऊ सुदर्शन, दोघांनी मिळून एक अ‍ॅप केलं. ज्याला बोलता येत नाही त्यानं लिहायचं, अ‍ॅपनं ते मोठ्यानं बोलायचं. केवढं पुण्याचं काम! लोक बरं म्हणाले. आणि एक दिवस तक्रार आली — ‘हे यंत्र माझ्या बायकोचं नाव चुकीचं घेतं. काढून टाकतोय.’

सुदर्शन हसला. “सोड गं! एकाचीच तर तक्रार. बाजारात बघ काय काय चाललंय. त्यातल्या त्यात आपलं बरं आहे!”

मंडळी, हे ‘त्यातल्या त्यात बरं’ फार गोड विष आहे! पिणाऱ्याला कळतसुद्धा नाही!

रेवतीच्या घशाखाली मात्र ते उतरेना. तिनं त्या माणसाला चार ओळी लिहिल्या, फोन नंबर मागितला. नंबर आला. लावला. पलीकडे एक बाई.

“मुळीक गुरुजी बोलत न्हाईत बाई. मी त्यांची मंडळी. घशाचं ऑपरेशन झालं, आवाजच गेला. तुमच्या यंत्रात लिहित्यात, तर ते मला ‘कमल, कमल’ म्हणतंय. अगं, मी कमळ! परवा लिहिलं ‘जरा वेळ दे’. यंत्र म्हणालं ‘जरा वेल दे’. मी म्हटलं, भोपळ्याचा देऊ का कारल्याचा?”

रेवतीला हसू आलं. पण कमळाबाईंचा आवाज खाली आला. “शाळेत जुन्या पोरांचा मेळावा हाय. भाषणाला बोलावलंय. पर हे जायला तयार न्हाईत. पाटीवर लिहून दावलं — ‘जन्मभर पोरांचे उच्चार सुधारले. आता सगळ्यांसमोर मुळीकचा मुलीक होऊ?’”

फोन ठेवला. रेवतीनं अ‍ॅप उघडून ‘कमळ’ लिहून पाहिलं. तयार आवाज आणून अ‍ॅपला बसवला होता. त्या आवाजाला ‘ळ’च येत नव्हता, आणि दोघांपैकी कुणीही तपासलं नव्हतं! दोष बाजाराचा? छे! दोष घरचाच!

“दादा, आवाज नव्यानं बसवायचा.”

“वेडी आहेस का? केवढं काम! आणि पुरुषाचा आवाज आणणार कुठून?”

रेवती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. सापडला की नाही गडी!

रेकॉर्डिंग सुरू! पंखा बंद, खिडक्या बंद, सुदर्शन घामाघूम. “केळी... टाळी... पोळी...” आत आईच्या कुकरची शिट्टी — झालं! पुन्हा पहिल्यापासून! आधी कुरकुर केली, आदळआपट केली. पण एके दिवशी रेवती म्हणाली, “झालं, मस्त आलं.” तर हाच म्हणतो, “थांब! ‘जिव्हाळा’ नीट नाही आला. परत घेऊ.”

मंडळी, माणूस बदलतो तो असा! उपदेशानं नाही — हात कामाला लागले की!

मेळाव्याचा दिवस. कमळाबाईंनी नव्या आवाजात आपलं नाव ऐकलं आणि गुरुजींना ओढूनच आणलं! सभागृहात ही गर्दी, हा कलकलाट! कुणी डॉक्टर, कुणी फौजदार, कुणाला नातवंडं. मागच्या रांगेत रेवती आणि सुदर्शन. तिच्या मनात एकच — अ‍ॅप अडखळलं तर? गुरुजींनी एका बोटानं लिहिलं. कळ दाबली. आणि कर्ण्यातून खणखणीत —

“गोंधळ बंद! सगळे खाली बसा!”

काय सांगू महाराजा! पिकल्या केसांचं सगळं सभागृह धाडकन खाली बसलं! फौजदारसुद्धा! आणि मग हसू, आणि टाळ्या, आणि डोळ्यांना पाणी! गुरुजींनी पुन्हा लिहिलं —

“ही माझी कमळ. हिनं मला इथं आणलं.”

कमळाबाईंनी पदर तोंडाला लावला. सुदर्शन मागं हुंदके देत म्हणतो, “अगं, माझा आवाज इतका चांगला कधी होता?”

पुढं काय झालं? बातमी पसरली. लोक दुसऱ्या अ‍ॅपवाल्यांना विचारू लागले — “त्यांना जमतं, तुम्हाला का नाही?” आणि त्यांनीही आपापली अ‍ॅप दुरुस्त केली! सांगा आता, एकट्याच्या चोख मालानं काय होतं? बाजाराला लाज वाटते!

आता तुम्ही! कुणी वायर जोडता, कुणी औषधाच्या पुड्या बांधता, कुणी पोरांना शिकवता. कुणाचं तरी तुमच्या कामावर अडलंय — तुम्हाला त्याचं तोंडही ठाऊक नाही! उद्या हात आखडला, ‘चालतंय की’ जिभेवर आलं, तर त्याला आठवा. तुम्हाला न दिसणारा तोच तुमचा विठ्ठल! त्याच्यासाठी हात वर करा, आणि घुमू द्या देऊळ — विठ्ठल! विठ्ठल!