आकड्यावरचा पंप

...आणि वर साहेब मलाच दरडावून विचारतात, "आकडा कुठाय?" अहो, आकडा मोबाईलमध्ये आहे, मोबाईल माझ्या खिशात आहे, आणि ज्या पोरीचा तो आकडा आहे ती शाळेत आहे! यात लपवायचं काय? पण तुम्हाला सांगतो, मला काही वाटलं नाही. दोन वर्षं झाली, मला काहीच वाटत नाही.

म्हणजे असं... माझी नात संस्कृती, आठवीत आहे. दोन वर्षांमागं तिला नगरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा पोरगी डोळे उघडत नव्हती, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, हिची साखर लई वाढलीय, आता जन्मभर इन्सुलिन घ्यावं लागंल." एवढ्याशा पोरीला साखर! मी नुसता बघत राहिलो. रडूही आलं नाही. तेव्हापासून आत कुणी भुलीचं इंजेक्शन देऊन ठेवल्यासारखं आहे, उतरतच नाही.

मग रोजची इंजेक्शनं, बोटं टोचणं, आणि औंदा एका संस्थेनं तिला पंप दिला. काड्यापेटीहून थोडा मोठा, कमरेला अडकवायचा, त्याची बारीक नळी पोटाला, त्यातून औषध जातं. दंडावर रुपयाएवढी चकती. ती साखर मोजते, पंपाला सांगते, आणि तिच्या खिशातल्या मोबाईलवरून तोच आकडा माझ्या मोबाईलवर येतो. शेजारी बाण. बाण वर, साखर चढतेय. बाण खाली, उतरतेय. सत्तरच्या खाली गेली की मोबाईल बोंबलतो, मग झटक्यात साखर खायची, नाहीतर पोरगी पडते. मी तिसरीपर्यंत शिकलेलो, पण आकडे येतात, आणि बाण काय, बैलालाही कळेल.

तिचे आईबाप, माझा कल्याण आणि सून आरती, कारखान्यावर गेलेत ऊस तोडायला. ती दोघं साखरेसाठी ऊस तोडतात आणि पोरगी इथं साखर मोजते... असो. तर कल्याण तिकडून, उसाच्या फडातून, दर दोन तासाला फोन करतो. "तात्या, आकडा किती?" तिकडं रेंज नसते, म्हणून मी पारावर चढून ओरडतो, "एकशे चाळीस! बाण वरी!" तर समोरच्या टपरीतला अजिनाथ म्हणतो कसा, "तात्या, ह्या वयात मटका? ओपन हाय का क्लोज?" मला काही वाटलं नाही. म्हटलं, "मटका न्हाई रं, पंपाचं हाय."

तिथंच चुकलं बघा!

संस्कृतीनं मला शपथ घातली होती. "तात्या, साखरंचं कुनाला सांगायचं न्हाई. पोरी चिडवत्याल. फक्त वर्गाच्या बाईंना ठावं हाय." म्हणून मी साखर हा शब्दच गिळला, नुसतं पंप म्हटलं. आणि आमच्या पाथर्डीकडं पंप म्हटल्यावर माणसाला काय दिसणार? विहीर!

"तुमाला पंप मिळाला?" अजिनाथ उठूनच उभा राहिला. "आमी तीन वर्सं झाली अर्ज करून बसलोय! किती हॉर्सपावर?"

"लई बारका हाय."

"मंग चालतो कशावर? लाईट तर नसतीच!"

मी आपलं खरं ते सांगितलं. "आकड्यावर चालतो. आकडा लई खाली आला की आपोआप बंद हुतो."

आता गावात कोण कोण तारेवर आकडा टाकून फुकट लाईट घेतं ते मी सांगत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीच बोलत नाही... आणि मी पारावर उभा राहून ओरडून कबूल करतोय!

कुणीतरी वर कळवलंच, चौथ्या दिवशी जीप दारात. वीज कंपनीचे साहेब, आणि सोबत आमचा वायरमन बजरंग.

"आसाराम तुम्हीच? पंप दाखवा."

"पंप शाळंत गेलाय."

"कुठं?"

"शाळंत. पाचला यील."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाबा, तुमचं वय बघून नीट बोलतोय. पंप विहिरीत आहे का बोअरला?"

"कमरेला हाय."

"आणि आकडा? आकडा कुठाय?"

"ह्यो काय, खिशात!"

बजरंग पुढं सरकला, आणि तेवढ्यात खिसाच बोंबलला. अडुसष्ट. बाण खाली. एक नाही, दोन!

खेळाचा तास होता. खो-खो. पळत असणार पोरगी. बाईंना फोन लावला, उचलेनात. मी निघालो तर साहेब आडवे! "पंप दाखवल्याशिवाय हलायचं नाही!"

"मग चला की, पंपाकडंच निघालोय!" म्हटलं, आणि त्यांच्याच जीपमध्ये पुढं जाऊन बसलो.

मैदानाच्या कडेला लिंबाखाली संस्कृती बसलेली. घामानं चिंब, ओठ पांढरे. साखरेची पुडी दप्तरात, दप्तर वर्गात, आणि पोरींसमोर साखर मागायची हिची तयारी नाही! पडली असती, पण बोलली नसती. माझ्याकडं पुडी असतेच, ती काढली. मला काही वाटलं नाही, खरं सांगतो, काहीच नाही... फक्त हात ऐकेनात. निम्मी साखर मातीत! शेवटी साहेबांनीच पुडी घेतली, तिच्या तोंडात ओतली. "खा बाळा," म्हणाले.

मग थांबायचं. पंधरा मिनिटं. त्यात घाई चालत नाही. साहेब उभे, बजरंग उभा, बाई पळत आल्या त्या उभ्या, सगळी आठवी उभी. एकसष्ट... एकसष्ट... पासष्ट... चौऱ्याहत्तर. बाण वर.

साहेबांनी हळूच विचारलं, "बाबा... तो पंप?"

मला शपथ होती ना! तर पोरीनंच कमरेचा पंप नळीसकट सगळ्यांसमोर वर धरला. "ह्यो घ्या पंप. साखरंचा हाय. आकड्यावर चालतो. न्या जप्त करून!"

साहेबांनी खाली बघून कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "पंप आढळला. आकडा आढळला, चौऱ्याहत्तर. कारवाईची गरज नाही."

घरी येताना पोरगी पुढं पुढं चालत होती. दारापाशी आल्यावर म्हणाली, "तात्या, तुमी एवढं वरडून का सांगता वो?"

"रेंज नसती गं."

हसली. आणि तुम्हाला सांगतो, मला इथं छातीत जरा मुंग्या आल्यासारखं झालं... भूल उतरताना येतात ना, तशा.

आता वर्गातल्या प्रत्येक पोरीच्या दप्तरात साखरेची पुडी असते. अजिनाथ रामराम घालत नाही, लांबूनच विचारतो, "तात्या, आकडा?" परवा लाईट गेली. बजरंगला फोन केला, "बजरंगा, लाईट कवा यील रं?"

"लाईटीचं ऱ्हाऊ द्या, तात्या. आदी आकडा सांगा."

सांगितला. एकशे वीस, बाण आडवा.

"झ्याक!" म्हणाला, आणि फोन ठेवला.

लाईट अजून आलेली नाही.