शिंगाची नखी

मुलांनो, समजा तुम्ही मंगरूळपीरच्या बसस्टँडवर कांताशेजारी बसला आहात. आज अकोल्याला तिचा भूमितीचा पेपर आहे, म्हणून नवी कंपासपेटी तिनं मांडीवर घट्ट धरली आहे. पलीकडे पुंजाजी गिटार कुशीत घेऊन बसलेत, जवळ त्यांची बायको वच्छला.

"वच्छले, गिटारची नखी कुठी हाय व?"

"ते शिंगाचं तुकडं? म्या त्यानं दुधाची खरवड काढली. चुलीपाशीच राह्यलं."

"अवं, आज रेडिओवाले परीक्षा घेऊन राह्यले! तारा कायनं छेडू?"

"बोटानं छेडा."

"बोटानं थे जमते काय? आयकले ना तू रेडिओवर, अमेरिकेच्या पहाडातले गिटारवाले? नखीनं सूर कसे लाह्यावानी फोडतेत!"

"मंग माही बांगडी फोडू का?"

"मी जित्ता हाओ अजून! अन् काचेनं तार तुटीन. पलास्टिकचं पाह्यजे, पातळ, टोकदार."

"थे पाहा, गाडी आली. उठा."

"पाय उचलत नाई व. रिकाम्या हातानं जाऊन काय करू?"

कांतानं कंपासपेटी उघडली. प्लास्टिकचा त्रिकोणी गुण्या बाहेर काढला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचं एक टोक दातात धरून कडकन मोडलं.