अर्धी लादी

अगं, आमचं पहिलंच गिऱ्हाईक हातचं जाता जाता राहिलं! घड उतरवला की केळीचा खांब फेकून देतात ना, त्याचे धागे सिमेंटात घालून मी नि जाऊबाई उमरोळीला लाद्या पाडतो. सालवडचा एक ठेकेदार बघायला आला. आल्या आल्या त्यानं लादीवर हातोडाच घातला. मधोमध चीर गेली.

"तुटली की ओ!"

जाऊबाईंचा पारा चढला. "तुटली ना? मंग अर्धी इथं ठेवा नि अर्धी घेऊन जा."

त्यानं हसत एक तुकडा उचलला, तर दुसरा लोंबकळत मागोमाग वर आला. त्यानं झटकलं, ओढलं, पायानं दाबलं. धागे काही सोडेनात.

मी म्हटलं, "जाऊ द्या भाऊ, अख्खीच न्या."

"एक नाय," तो घाम पुसत म्हणाला, "अख्ख्या चाळीच्या अंगणाला पुरतील एवढ्या पाडा."