सज्ज्याच्या दारातली बाई

पुरवणी जबाब
दिनांक १२ जून २०२३, सकाळी ९ वाजून २० मिनिटे

माझे नाव डेल्मर ऑगस्ट क्रुएगर, वय ६८ वर्षे, धंदा चीज कारखान्यात यंत्रदुरुस्ती, आता निवृत्त, राहणार टॅमरॅक रोड, एल्म लेक, विस्कॉन्सिन.

समक्ष हजर राहून सांगतो की, शनिवारी दिनांक १० रोजी मी पाकू वांग या बाईंविरुद्ध याच ठाण्यात तक्रार दिली आहे. त्याबाबत मला आणखी सांगायचे आहे. मी कोणाच्या सांगण्यावरून आलेलो नाही. बायको बाहेर गाडीत बसली आहे, पण तिनेही पाठवलेले नाही. मी खरंच आत जातो की पार्किंगमधूनच परत फिरतो, एवढेच बघायला ती आली आहे.

माझी पत्नी लॉरेन हिचे गुडघे गेल्याने आम्ही राहते घर विकायला काढले आहे. एका नर्स बाईने व तिच्या नवऱ्याने ते घ्यायचे ठरवले. व्यवहार पक्का होण्याआधी घेणाऱ्याने आपला तपासनीस पाठवून घर तपासून घ्यायचे, त्याला दहा दिवसांची मुदत असते. दहावा दिवस शनिवारी येत होता. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता आमची नात टेसा शाळा पास झाली म्हणून घरी पार्टी होती. मी कळवले, सकाळी या आणि बारापर्यंत आटपा. तपासणीच्या वेळी घरमालकाने बाहेर जायचे असते, ते मला माहीत आहे. पण चाळीस माणसांचे सॉसेज बिअरमध्ये शिजवायचे होते. मी गेलो नाही.

तपासनीस म्हणून वांग बाई बरोबर आठला आल्या. वय पन्नासच्या आसपास, बांधा लहान, शिडी त्यांच्या दुप्पट. लॉरेन म्हणाली, "शिडी बाईला नेणार की बाई शिडीला?" मी हसलो. बाईंनी शिडी एकटीने खांद्यावर घेतली आणि छपरावर गेल्या. नंतर त्यांनी विजेची पेटी उघडली, सगळे नळ एकदम सोडून तळघरात जाऊन पाइप बघितले, तळघरातल्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पाणी उपसणारा पंप चालू होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. माळ्यावर पोटावर सरपटत गेल्या आणि केसांत तिथला थंडी अडवणारा कापूस घेऊन बाहेर आल्या. कॉफी विचारली तर म्हणाल्या, काम झाल्यावर. घर गरम करणाऱ्या भट्टीच्या पाइपवर हात ठेवून, मान कलती करून त्या ऐकत होत्या. मी एक्केचाळीस वर्षे यंत्रे ऐकली आहेत. काम करणारा कोण आणि कामाचे सोंग करणारा कोण, हे मला लांबून कळते. ही बाई काम करत होती. शनिवारच्या तक्रारीत हे मी सांगितले नव्हते.

मी त्यांना विचारले, "काय, कसं आहे घर?" त्या म्हणाल्या, "ज्यांनी बोलावलं त्यांना सांगेन." मी म्हणालो, "बरं, तुम्ही असतात तर घेतलं असतंत का?" त्यावर त्या म्हणाल्या, "ते मी कोणालाच सांगत नाही. घेणाऱ्यांनाही नाही. मी फक्त काय दिसलं ते सांगते." मला वाटले, काय तोरा आहे!

साडेअकराच्या सुमारास त्या मागच्या सज्ज्याखाली गेल्या. हा लाकडी सज्जा घराच्या मागच्या भिंतीला लागून आहे, जमिनीपासून नऊ फूट उंच. तो मी आणि माझा धाकटा भाऊ रॉय यांनी २००१ साली दोन दिवसांत बांधला. रॉयला जाऊन सहा वर्षे झाली. घरात काहीही झाले की सगळे त्याच सज्ज्यावर जमतात. त्याच्याबद्दल मला कोणाच्या दाखल्याची गरज नव्हती.

बाई वीस मिनिटे खाली होत्या. वर आल्या त्या फोनवर बोलतच. पलीकडे नर्स बाईचा दलाल होता, असे मला नंतर कळले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला एवढे ऐकू आले: "अहवाल उद्या जाईल, ते मला कळतं. पण पार्टी आज दोन वाजता आहे." मग त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मिस्टर क्रुएगर, माझं बोलणं घेणाऱ्यांशी. तुम्हाला मी काही सांगायचं नसतं. तरी सांगते. आज त्या सज्ज्यावर एकालाही जाऊ देऊ नका. सज्जा भिंतीला धरून ठेवणारी फळी नुसत्या खिळ्यांवर आहे आणि मागे लाकूड कुजलंय. माझा स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला."

मी म्हणालो, "बावीस वर्षं उभा आहे तो. तुमच्या स्क्रूड्रायव्हरला विचारून नाही उभा राहिला!" आणखी म्हणालो, "भाव पाडायची ही नवी तऱ्हा दिसतेय." यानंतर मी आशियातून इथे आलेल्या त्यांच्या लोकांबद्दल एक वाक्य बोललो. ते इथे लिहून देत नाही. शनिवारच्या तक्रारीतही ते नाही, आणि बाईंनीही ते कोणाला सांगितलेले नाही.

बाईंनी विचारले, "किती माणसं येणार?" मी म्हणालो, चाळीस. "सगळ्यांचा मिळून फोटो कुठे काढणार?" मी म्हणालो, कुठे म्हणजे? सज्ज्यावर! आमच्याकडे सगळे वर उभे राहतात आणि एकजण अंगणातून फोटो काढतो, वर्षानुवर्षे.

हे ऐकून बाईंनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, सज्ज्याच्या दारात आडवी लावली आणि मांडीवर पिशवी घेऊन बसल्या.

"उठा," मी म्हणालो.

"नाही."

"माझं घर आहे हे. पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. लवकर बोलवा, दोनच्या आत यायला हवेत. तुम्हाला अडवायचा हक्क मला नाही, त्यांना आहे."

लॉरेन म्हणाली, "डेल्मर, अरे, उगाच कोणी असं बसतं का?" मी तिला म्हणालो, तू सॉसेज बघ. सव्वाबाराला मी फोन केला.

पावणेएकला ऑफिसर हॅल्व्हरसन आले. हा जबाब तेच लिहून घेत आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही. त्यांनी बाईंची बॅटरी घेतली, खाली जाऊन आले आणि नगराचा बांधकाम अधिकारी बघेपर्यंत सज्जा बंद म्हणून फीत बांधली. मगच बाई खुर्चीतून उठल्या. खुर्ची जागेवर ठेवली आणि गेल्या. कॉफी राहिलीच. मी लगेच ठाण्यात येऊन तक्रार दिली की, सांगूनही घराबाहेर गेली नाही, माझे दार अडवले, पार्टीचा विचका केला. तिला तपासनिसाचा परवाना देणाऱ्या कचेरीत नक्कल पाठवा, असेही मीच सांगितले. लॉरेन म्हणाली होती, डोकं गार होऊ दे, आज सही करू नकोस. मी केली.

पार्टी गॅरेजात झाली. फोटो पुढच्या हिरवळीवर काढला. त्यात टेसा छान हसते आहे आणि मी कडेला एरंडेल प्यायल्यासारखे तोंड करून उभा आहे.

रविवारी चर्चहून आल्यावर मी पहार आणि हातोडी घेऊन सज्ज्याखाली गेलो. बाईला खोटे पाडायचे, हाच हेतू होता. एक खिळा मोठ्या कष्टाने उपटायचा आणि सोमवारी इथे टेबलावर आणून आपटायचा, असे मी ठरवले होते. फळीवरची पट्टी काढली. मागचे लाकूड भिजलेल्या पावासारखे मुठीत आले. खिळ्याला हातोडीचे नख लावायला गेलो, तर त्याची गरजच पडली नाही. खिळा दोन बोटांनी निघाला. दुसराही निघाला. चोवीसपैकी सतरा खिळे मी हातांनी काढले. गंजून दाभणाएवढे बारीक झाले होते. ते या ठाण्यात जमा केले आहेत.

एक्केचाळीस वर्षे मी दर सोमवारी कारखान्यातल्या पोरांना ओरडत आलो, बोल्ट तपासा, बोल्ट तपासा. माझ्या स्वतःच्या भिंतीत एक बोल्ट नाही. आणले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दमलो होतो, रॉय म्हणाला, खिळ्यांनी धरलंय, बोल्ट उद्या मारू. तो खोका अजून गॅरेजात आहे, न फोडलेला. यात रॉयचा दोष नाही. मोठा मी होतो.

मी तिथेच खाली मातीत बसलो. फोटोसाठी वर कोण कुठे उभे राहिले असते ते मला पाठ आहे. माझी आई एक्क्याण्णव वर्षांची, तिची चाकाची खुर्ची नेहमी भिंतीशी लावतो, तिथे पडायची भीती नाही म्हणून. टेसा मधोमध. भाचीची जुळी पुढे. मी रडलो, हे लिहून घ्या. लॉरेन त्या गुडघ्यांनी काठी टेकत पायऱ्या उतरून आली. तिने खिळे बघितले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी मी वांग बाईंना फोन केला. नाव सांगताच त्यांनी विचारले, "सज्ज्यावर कोणी गेलं का?" मी नाही म्हणालो. म्हणाल्या, "बरं झालं." मी माफी मागितली, त्या वाक्याचीही. त्या मग म्हणाल्या, "ते लागलं मला. पण आता ऐका. सज्जा उतरवताना आधी वाशांना खालून टेकू द्या, नाहीतर अंगावर येईल." मी म्हणालो, माझ्या तक्रारीने तुमचा परवाना जाऊ शकतो. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. तुम्ही पोलिसांना फोन लावलात तेव्हाच माहीत होतं."

अशी बाई मी पाहिली नाही. नर्स बाईने घर घेतले किंवा न घेतले, माझे काही म्हणणे नाही. शनिवारची तक्रार मी मागे घेत आहे. ती फाडून टाका, अशी मी विनंती केली. लिहिलेला जबाब फाडता येत नाही, असे ऑफिसर म्हणाले. तर हा जबाब त्याला टाचावा आणि परवान्याच्या कचेरीत दोन्ही एकत्र जावेत.

वरील मजकूर ऑफिसरांनी मला सावकाश वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. शनिवारचा जबाबही असाच वाचून दाखवला होता आणि बरोबर आहे म्हणून मी सही केली होती. त्यातही एक अक्षर खोटे नाही. ती दारात बसली. मी उठ म्हणालो. ती उठली नाही. म्हणून चाळीस माणसे आपापल्या पायांनी घरी गेली.

सही
डेल्मर ऑ. क्रुएगर

समक्ष
ऑफिसर हॅल्व्हरसन